ओटा उचलला

“ओटा उचलला,” शेठ म्हणाले आणि टेबलावरच्या बशीतली एक आल्याची गोळी तोंडात टाकली. आमचे कराचे कागद भरून देणाऱ्या करवाल्या बाईंनी विचारलं होतं ते एवढंच, की दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता कुठे गेला. रंग झाल्यावर, नळ बसल्यावर, खिडक्यांना काचा लागल्यावर आलेला हप्ता. “बाकीचा पैसा कुठे गेला ते दिसतंय काका, एवढाच दिसत नाहीये,” त्या म्हणाल्या, आणि शेठ म्हणाले, ओटा उचलला. फरशीवाल्याची मजुरी, दगड, राडारोडा उचलून न्यायचे पैसे. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. खाली चष्म्यांचं दुकान आहे, त्याच्या पाटीवरच्या भल्यामोठ्या चष्म्याची वरची कड तेवढी त्या खिडकीतून दिसते. कडेवर एक कबुतर बसलं होतं. मी कबुतर बघत होते आणि ते दोन शब्द माझ्या कानावरून तसेच पुढे गेले, दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल असावेत तसे. आमच्या धंद्यात हे बोलणं रोजचंच. स्वयंपाकाचा ओटा उचलतात, म्हणजे उंच करतात, छत खाली घेतात, भिंत मागे ढकलतात. मग मी एकदम खिडकीकडून मान वळवली. “कुठला ओटा?” मी विचारलं. शेठनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “अगं, तोच की. मागच्या घरातला.”

शेठ म्हणजे माझा नवरा. शेठबिठ काही नाहीत ते, आमच्याकडचे मजूर म्हणतात म्हणून चिडवायला मीही म्हणायला लागले, आणि चेष्टेतलं नाव चिकटतं तसं चिकटलं. आमचा धंदा म्हणजे पडीक घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, विकायचं, आणि त्या पैशात पुढचं पडीक घर शोधायचं. पद्धत अशी, की ज्या घराचं काम चालू त्याच घरात राहायचं. भाडं वाचतं आणि सामानावर डोळा राहतो. एका खोलीत संसार, बाकीच्या खोल्यांत फोडाफोड. एक खोली झाली की बोचकी उचलून तिच्यात जायचं आणि जुनी खोली फोडायला द्यायची. शेवटची खोली रंगून झाली की उठायचं ते थेट घराबाहेर. लग्न झाल्यापासून मी ज्या ज्या भिंतींमध्ये राहिले त्यातली एकही पुरी झालेली मी भोगली नाही. सुकत आलेल्या रंगाचा वास आला की माझे हात आपोआप भांडी कागदात गुंडाळायला लागतात. त्यात मी बुटकी. चारचौघींत उठून दिसत नाही, इतकी बुटकी. आणि ओटे सगळीकडे नेहमीच्या उंचीचे, कारण घर विकायचं असतं, आणि घर घेणारी बाई नेहमीच्या उंचीची धरायची असते. म्हणून पहिल्या घराची जुनी चौकट निघाली तेव्हा तिच्या लाकडाचा एक ठोकळा शेठनी मला करून दिला होता, पायाखाली घ्यायला. तो ठोकळा घेऊन मी घरोघर हिंडले. वर चढून ढवळायचं, खाली उतरून डबा काढायचा, परत चढायचं. संध्याकाळपर्यंत कंबरेचा पार भुगा. मुलगी लहान होती तेव्हा शाळेत सांगून आली होती, माझी आई फक्त स्वयंपाक करताना उंच होते.

मागचं, म्हणजे आत्ताच्या साइटच्या आधीचं घर कोपऱ्यावरचं, बैठं. स्वयंपाकघराला मागच्या गल्लीकडे रुंद खिडकी, आणि गल्लीत एक सायकल दुरुस्तीवाला दिवसभर चाकं फिरवत बसलेला. पहिल्याच आठवड्यात भाजी निवडता निवडता मी म्हटलं, हे आपल्यालाच ठेवू या का हो? म्हणजे अगदी सहज. शेठ काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा दोन्ही अर्थ होतात, हे मला इतक्या वर्षांत कळलंय, म्हणून मीही पुढे ताणलं नाही. मग ओट्याचं काम निघालं. फरशीवाला आला. त्याला सगळे लेव्हल म्हणतात, कारण पातळीची नळी लावून बघितल्याशिवाय तो स्वतःच्या जेवणाचा डबासुद्धा जमिनीवर ठेवत नाही. त्याच्यासमोर शेठ मला म्हणाले, “इकडे ये गं. भिंतीपाशी उभी राहा.” मला वाटलं काहीतरी धरायला हवंय. “हात वाकव,” ते म्हणाले. मी हात वाकवला. ते माझ्या पायाशी गुडघ्यावर बसले, टेपचं टोक जमिनीला लावलं, टेप माझ्या कोपरापर्यंत आणली, तिथून चार बोटं खाली मोजली आणि कानावरच्या पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. खुणेपुढे लिहिलं, बुटकी. लेव्हल हसला. मग ती खूण किती खाली आहे ते बघून त्याचं हसू गेलं. “शेठ, एवढ्या खाली? विकताना गिऱ्हाईक पळेल.” शेठ टेप आत सोडत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “विकतंय कोण?”

त्या दोन शब्दांवर मी किती जगले ते मलाच माहीत. माझ्या कोपराला त्यांचा तो चुन्याने खडबडीत झालेला अंगठा लागला होता, ती जागा मला नंतर कितीतरी दिवस वेगळी वाटत होती. शेठनी मला काही दिलं नाही असं नाही. आजारपणात उशापायथ्याशी बसले, हौसेने कानातलं आणलं, भांडण झालं की आधी तेच बोलायचे. पण माझ्या मापाचं म्हणून काही कुणी केलं नव्हतं. सगळं आयुष्य दुसऱ्या कुणा बाईच्या मापाने बांधलेलं आणि मी त्याच्यापुढे ठोकळा लावून उभी. ओटा झाला त्या दिवशी मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून चहा केला. फरशी पायाला थंड लागत होती आणि पातेल्यात वरून बघता येत होतं, दूध वर येताना कडेला कसे बुडबुडे धरतात ते. मला वाटलं आपण लहान मुलीसारखं रडणार, म्हणून मी चहात साखर घालायला विसरले असं नाटक करून खाली वाकले. ठोकळा लेव्हलला देऊन टाकला. त्याने तो दोनचार दिवस बसायला वापरला आणि मग कुठे गेला कुणास ठाऊक.

“काकू, पाणी देऊ का?” करवाल्या बाईंनी विचारलं. वयाने आमच्या मुलीएवढी असेल पोरगी. नखं कुरतडलेली, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर, आणि बोलताना पेन्सिल उलटी धरून टेबलावर टकटक करायची सवय. मी नको म्हटलं. तिला वाटलं मला हिशोब कळत नाहीये, म्हणून ती समजावून सांगायला लागली. “हे बघा, कर्ज मिळालं म्हणून ती काही कमाई होत नाही, आणि फेडलं म्हणून तो खर्च होत नाही. तो पैसा नुसता वाटसरू. तो कुठे जाऊन थांबला तेवढं आपण बघायचं. घरात जाऊन थांबला असेल तर तो घराच्या किमतीत धरायचा आणि विकताना तेवढा वजा करायचा. मग तुमच्या खिशातला असो की बँकेचा. भानगड असते ती व्याजाची.”

“व्याज धरता येत नाही?” शेठ एकदम पुढे सरकले.

“येतं की. घर धंद्याचा माल म्हणून घेतलं असेल तर व्याजही खर्चात. पण राहायला म्हणून घेतलं असेल तर ते असं धरता येणार नाही, आणि मग सगळा हिशोबच दुसऱ्या रस्त्याने जातो. म्हणून मला आधी एक सांगा. घर घेताना मनात काय होतं?”

इतक्या वर्षांत मी नवऱ्याला हा प्रश्न विचारला नव्हता. आडून विचारला, भाजी निवडता निवडता विचारला, गप्प बसून विचारला. ही पोर पेन्सिल वाजवत दोन मिनिटांत विचारून मोकळी झाली.

“विकायलाच,” शेठ म्हणाले. श्वाससुद्धा मध्ये घेतला नाही.

“पण तिथे राहत होतात ना तुम्ही?”

“आम्ही कायम साइटवरच राहतो हो. याच्या आधीची सगळी घरं बघा. कुठल्याही घरात आम्ही असेच.”

“मध्येच कधी ठेवायचं मनात आलं होतं का? तसं असेल तर आत्ताच सांगा. मन कधी बदललं, तेव्हा घराची किंमत काय होती, हे सगळं मग काढावं लागतं.”

“छे, छे. पहिल्यापासून विकायलाच.” आणि मग माझ्याकडे न बघता, मदत करायची म्हणून, “म्हणून तर ओटा उचलला. लोक बघायला यायच्या आधीच उचलून घेतला. एवढा खाली ओटा बघून भाव पाडला असता त्यांनी.”

लोक बघायला यायच्या आधी. म्हणजे मी मुलीकडे होते तेव्हा. मी निघाले तेव्हा ओट्यावर धुतलेलं फडकं वाळत घातलं होतं, ते मला आठवतं, कारण गाडीत बसल्यावर वाटलं होतं, वाऱ्याने खाली पडेल. मुलीचं पहिलंच बाळंतपण. ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. “कुठे येऊ आई? तुझ्याकडे काय, बाळ सिमेंटात आंघोळ करणार का? मला माहेर नाहीये, साइट आहे.” हसत म्हणाली होती, पण तिचं हसणं मी ओळखते, ते बापावर गेलंय. तेव्हा मी फोन ओट्यापुढे धरून तिला दाखवलं होतं. खाली पायसुद्धा दाखवले. “अगं आई, खरंच की गं, तुझे पाय जमिनीवर!” म्हणाली. नंतर म्हणाली, बाळ थोडं मोठं झालं की येईन, महिनाभर राहीन, आता तुला कंटाळा येईपर्यंत हलणार नाही. मागची खोली मी तिच्यासाठी धरून ठेवली होती. भिंतीचा रंगही तिनेच सांगितलेला. मग पोरीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि मी होते तशी पळाले. आणि मी गेले त्याच आठवड्यात, मी तिकडे नातीला मांडीवर घेऊन बसले असताना, इकडे लेव्हल माझ्या ओट्यावर छिन्नी ठेवून उभा असणार. त्याने विचारलं असेल का काही? तो विचारेल. “शेठ, वहिनींना विचारलं का?” असं तो नक्की म्हणाला असेल. आणि शेठ गप्प बसले असतील, दोन्ही अर्थांनी.

मग फोन यायला लागले. आधी, कुणीतरी नुसतंच बघून गेलं. मग, भाव ऐकलास तर चक्कर येईल. मग, अगं, कर्जाचं व्याज रोज चढतंय, बसल्या जागी खातंय ते आपल्याला. ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, पोरीला काय सांगू? म्हणाले, पुढचं घर आपलं, शपथ. मी त्या दिवसांत झोपेला पारखी झालेली, खांद्यावर नातीच्या दुधाचा वास, आणि कोण कुठलं घर विकतंय हे मला धुक्यातून ऐकल्यासारखं वाटत होतं. घर दोघांच्या नावावर, म्हणून सहीला मी पाहिजे होते. गाडीतून उतरून बॅगेसकट थेट कचेरीत गेले. सहीच्या आधी म्हटलं, एकदा घर बघून येते. शेठ म्हणाले, किल्ल्या देऊन झाल्या, सामान पुढच्या साइटवर हलवलंय, आता कुठे जातेस. मी पेन हातात घेऊन बसले होते, लिहवत नव्हतं. मग ते माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “त्यांची बायको आहे ना, तिला ओटा फार आवडला. तुझ्याच उंचीची आहे गं. बरोब्बर तुझ्याएवढी. म्हणाली, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा विचार केला.” घर घेणारा माणूस समोरच बसला होता, एकटाच आला होता, घर त्याच्याच नावावर व्हायचं होतं. त्याच्याकडे बघून मी हसले. आणि सही केली.

त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण तिच्याशी माझं जमलं होतं. मी तिला मनात दुसरी बुटकी म्हणायची. सकाळी इकडे दूध तापवताना म्हणायची, तिकडे तिचंही तापत असेल. सायकलवाला चाकं फिरवायला लागला असेल, ती खिडकीतून बघत असेल. तिच्या कंबरेला आराम पडला असेल. नवी साइट ही अशी, अर्ध्या भिंती पाडलेल्या, तोंडातसुद्धा सिमेंटची कचकच येते, आणि ओट्याच्या जागी टेबलावर फळी टाकलेली. ठोकळा तर गेला, म्हणून रंगाचा रिकामा डबा पालथा घालून मी त्यावर उभी राहते. डबा डुगडुगतो. तो डुगडुगला की मी तिला मनातल्या मनात म्हणायची, बघ बाई, तुझी चैन आहे. हेवा वाटायचा, पण राग नाही यायचा. आपलं गेलं ते कुणाच्या तरी कामी आलं, एवढ्यावर माणूस किती दिवस ढकलू शकतो, ते मी शिकले होते. मुलीलाही मी तेच सांगितलं. ती फोनवर म्हणाली, “बरं आई.” एवढंच. माझ्याकडे यायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. आता बसल्या बसल्या त्या चष्म्याच्या पाटीकडे बघताना मला दिसत होतं, की तिकडे दुसरी बुटकी कुणी नव्हतीच. तिकडे नेहमीच्या उंचीचा एक ओटा होता आणि त्याच्यापुढे नेहमीच्या उंचीची एक बाई. सहा महिने मी एका बाईशी बोलत होते आणि ती माझ्या नवऱ्याने सहीपुरती तयार केलेली होती. माणूस मेलं की रडता तरी येतं. हिच्यासाठी कुठल्या तोंडाने रडू?

“काकू,” पेन्सिल थांबली होती. “घर दोघांचं आहे, कर्जही दोघांचं आहे, म्हणून तुम्हालाही विचारते. तुमचंही हेच ना? विकायलाच घेतलं होतं?”

शेठनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं नव्हतं, ते आता बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती, ते तसले नव्हेतच. मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं मात्र एकमेकांवर घासत होते, सिमेंट निघत नाही तेव्हा घासतात तशी. मला कळत होतं, मी राहायला म्हटलं की व्याज जाईल, आणि त्या व्याजाच्या भरवशावर त्यांनी पुढच्या घराच्या छताचं सामान आणून टाकलंय. मला हेही कळत होतं, की मी विकायला म्हटलं की भिंतीवरची ती पेन्सिलची खूण पहिल्यापासून खोटी होती असं माझ्याच तोंडाने झालं.

“घर यांनी विकायला घेतलं,” मी म्हटलं. “ओटा मी राहायला बांधला.”

“असं अर्धं अर्धं नसतं हो काकू.” पोरगी हसली. “कागदावर नवरा-बायकोचं मन एकच.”

“असू दे. मग असं करा. पहिला ओटा खर्चातून काढून टाका. तो धंद्याचा नव्हता. दुसरा ठेवा, तो धंद्याचाच आहे.”

“पण कशाला? पाडला तरी खर्च झालाच ना तुमचा? पहिलाही धरता येतो. कर्जातूनच झालाय तो, त्याचं व्याजही धरता येतं.”

“त्या ओट्याचं व्याज मी सोशीन. तो विकायला नव्हता बांधला.”

“अगं, तेवढ्याशा ओट्यासाठी…” शेठ म्हणाले आणि तिथेच थांबले. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मग मान खाली घालून कागदावर एक आडवी रेघ मारली. “ठीक आहे. घरगुती खर्च म्हणून बाजूला काढते,” म्हणाल्या. घरगुती. ऐकून मला का कोण जाणे, बरं वाटलं. एवढ्या सगळ्या घरांत घरगुती असं एकच काही निघालं होतं.

जिना अरुंद होता. शेठ पुढे, मी मागे. त्यांच्या टकलावर चुन्याचा एक ठिपका राहिला होता, सकाळी निघताना मी पुसायला विसरले होते. इतर कुठल्याही दिवशी मी पदर ओला करून तो पुसला असता. मधल्या वळणावर मी म्हटलं, “एक सांगा. माझं कोपर मोजलंत, तेव्हा मनात काय होतं?” ते थांबले. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मला दिसलं, की ते खरोखर आठवायचा प्रयत्न करतायत. कपाळाला आठी घालून, एखादं माप विसरल्यावर घालतात तशी. होय, राहायचं होतं, म्हणाले असते तर मी म्हटलं असतं, चला, करासाठी खोटं बोलले, सगळेच बोलतात. नाही, विकायचंच होतं, म्हणाले असते तर मी भांडले असते, आदळआपट केली असती, चार दिवस अबोला धरला असता, आणि मग संपलं असतं. “आठवत नाही गं,” शेठ म्हणाले. आणि ते खरं बोलत होते. त्यांना मी ओळखते. ‘विकतंय कोण’ या ज्या दोन शब्दांवर मी एवढं घर उभं केलं ते त्यांच्या तोंडून खोकल्यासारखे निघून गेले होते. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी आरशात बघून मान इकडेतिकडे करत होतं. आम्ही बाहेर आलो आणि चालायला लागलो.

चालताना ते छताबद्दल बोलत होते. मी हं हं करत होते. यांचा दोष तरी किती काढू? पुरं झालेलं घर यांना सहनच होत नाही. भिंती ओल्या आहेत, वायरी लोंबतायत, तोवर हा माणूस शीळ घालतो, मजुरांच्या थट्टा करतो, माझ्या केसांतली धूळ फुंकून काढतो. शेवटचा हात लागला की यांची झोप उडते. खोल्यांतून फिरतात, दारं उघडून बंद करून बघतात, काही चुकलेलं नाही म्हणून अस्वस्थ होतात. मग एक दिवस कुणाला तरी घर दाखवायला आणतात. यांचं माझ्यावर प्रेम नाही असं मी कुठल्या देवापुढे म्हणू? आहे. पण ते ओल्या भिंतीएवढंच टिकतं, आणि मी आपली सुकायची वाट बघत बसले. एवढं साधं गणित माझ्या ध्यानात यायला केस पांढरे व्हावे लागले. हसू आलं मला रस्त्यात. शेठना वाटलं त्यांच्या बोलण्यावर हसले, तेही हसले.

साइटवर आलो. लेव्हल आणि त्याची माणसं जेवायला गेली होती. मी पालथ्या डब्यावर चढून चहाचं आधण ठेवलं. डबा डुगडुगला. मनातल्या मनात मी नेहमीसारखं बोलायला गेले आणि समोर कुणी नव्हतं. तेव्हा मात्र रडू आलं, आवाज न करता, नाक गळेपर्यंत. पाणी उकळून उकळून निम्मं झालं. पाठीमागे शेठ येऊन उभे राहिलेत हे मला त्यांच्या टेपच्या आवाजावरून कळलं. ती बाहेर ओढताना खरखरते. “उतर खाली,” ते म्हणाले. “भिंतीपाशी ये.” मी उतरले, गॅस बंद केला, भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. भिंतीचा गिलावा काढलेला, विटा उघड्या, पाठीला टोचत होत्या. शेठ गुडघ्यावर बसले. आता बसताना त्यांना एक हात जमिनीवर टेकावा लागतो. टेपचं टोक माझ्या पायाशी लावलं आणि वर बघितलं. डोळे लाल झाले होते त्यांचे. “हात वाकव,” म्हणाले.

मी हात सरळ ठेवला.

“वाकव ना गं, बुटके.”

“नेहमीच्या उंचीचाच घाला,” मी म्हटलं. “एवढ्या खाली घातला तर विकताना गिऱ्हाईक पळेल.”

बोलले आणि थांबले. खरं सांगते, थांबले. आता ते म्हणतील, माझ्याकडे न बघता का होईना, टेप आत सोडता सोडता का होईना, म्हणतील. आणि मी मूर्ख तेवढ्यावर पुन्हा हात वाकवीन, हेही मला ठाऊक होतं. माझं कोपर आधीच थोडंसं सुटायला लागलं होतं. शेठनी तोंड उघडलं. मग मिटलं. टेप सरसर आत गेली. ते जमिनीवर हात टेकून उठले, कानावरची पेन्सिल काढली, आणि माझ्या खांद्याशेजारच्या विटेवर नेहमीच्या उंचीची खूण केली.